सरस बघून लाव

एका रुंद खाडीच्या काठी एकदा एक वृद्ध मेस्त राहत असे. मेस्त म्हणजे सुतार. आणि हा होड्या बांधणारा सुतार असल्यामुळे त्या काठावर देवाच्या खालोखाल त्याला मान होता. नाव त्याचे सावळाराम. वयोमानाने बोटे वाकडी झाली होती, नजरही अधू झाली होती. परंतु होडीवर नुसता हात फिरवून तो तिचे दुखणे सांगत असे, आणि ते सहसा चुकत नसे.

त्याच्याकडे त्र्यंबक नावाचा एक शिष्य आला. घाटावरचा, तिशीतला, हाताने कुशल. तिकडे त्याने देव्हारे केले होते, पाळणे केले होते, सावकारांच्या घरची नक्षीदार कपाटे केली होती. त्याने जोडलेल्या दोन फळ्यांमधून केससुद्धा जात नाही, अशी त्याची ख्याती होती, आणि ती त्यानेच सर्वांना सांगितलेली असली तरी खोटी नव्हती. होड्या बांधण्याची विद्या शिकावी म्हणून तो घाट उतरून आला होता. येताना एका लाकडी पेटीत आपली हत्यारे आणि सरसाचे तुकडे घेऊन आला होता. कातडी व हाडे उकळून केलेला हा सरस पाण्यात भिजवून, गरम करून लाकडाला लावला की सांधा असा बसतो की हातोडीनेही हलू नये. त्र्यंबकचा त्या सरसावर फार जीव होता.

शिष्य हुशार होता हे मान्य केलेच पाहिजे. आणि हुशार माणसांचे होते तेच त्याचेही झाले होते. प्रश्न विचारण्याची त्याची सवय मोडली होती.

आता त्या खाडीची एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. अलीकडच्या काठावर देवीचे देऊळ होते, आणि पलीकडच्या काठावर तिच्या बहिणीचे. चैत्री पौर्णिमेला देवी पालखीत बसून खाडीपलीकडे बहिणीच्या भेटीला जाई. पालखी कोणाच्या होडीतून जायची, हे त्या सकाळी दोन्ही काठांच्या होड्यांची शर्यत लागून ठरत असे. ज्याची होडी आधी धक्क्याला लागेल, त्याच्या होडीत देवी बसणार.

गेली कित्येक वर्षे पलीकडचेच जिंकत होते. देवी अलीकडची, देऊळ अलीकडचे, खण-नारळ अलीकडच्या बायकांचे. आणि पालखी जायची ती मात्र पलीकडच्यांच्या होडीतून. ते लोक होडी लावताना मुद्दाम मोठ्याने म्हणत, “चला, तुमच्या देवीक आमी नेतंव.” अलीकडचा हिरोजी तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य नावाडी, हे शब्द ऐकून जत्रेच्या दिवशी जेवत नसे. त्याच्या होडीत दम होता, गडी जोरकस होते. तरी दर वर्षी कुठेतरी काहीतरी कमी पडे.

त्या वर्षी तर शर्यतीच्या आधीच विघ्न आले. होडीच्या अगदी पुढे, पाणी कापत जाणारे जे जाड लाकूड असते, ज्याला तिकडे नाळ म्हणतात, ते सांध्यातून सुटले. तसेच होडीच्या काठावरची, वल्ही ज्यावर टेकतात ती लांब पट्टीही जागोजाग खिळखिळी झाली. हिरोजीने होडी ओढून मेस्ताच्या मांडवात आणली आणि डोक्याला हात लावून बसला.

“बसतला काय ह्या पुनवेच्या आधी?” त्याने विचारले.

“बसतला तर,” मेस्त म्हणाला. “त्र्यंबक बसवतलो.”

त्र्यंबकची छाती फुगली. इतके दिवस तो नुसता रंधा मारत होता, खुंट्या तासत होता. हे पहिले खरे काम. त्यातून नेमके त्याच दिवशी मेस्ताला भाचीच्या लग्नाला दूरच्या गावी जायचे होते. अंगात सदरा चढवता चढवता त्याने मांडवातल्या फळीकडे बोट दाखवले.

“राळ आसा, चुनो आसा, उंडीचा तेल आसा. सरस बघून लाव. घाई करू नको.”

एवढे बोलून म्हातारा छत्री काखोटीला मारून निघून गेला.

त्र्यंबकने ऐकले. मेस्ताची बोली अजून त्याच्या कानाला पुरती सरावली नव्हती. अर्धे वाक्य तो ऐकायचा आणि अर्धे अंदाजाने जुळवायचा. पण या वाक्यातला एक शब्द त्याला लख्ख कळला. सरस! त्याला एकदम आनंद झाला. म्हणजे म्हाताऱ्यालाही शेवटी पटले तर! राळ न् चुना असेल इकडच्या लोकांसाठी, पण देवीच्या होडीला आपल्या पेटीतला सरसच हवा, हे मेस्तानेच कबूल केले. एकदा पाठीमागे धावत जाऊन विचारावे असे त्याच्या मनातही आले नाही. आवडीचे ऐकायला मिळाल्यावर पुन्हा कोण विचारतो? तुम्ही-आम्ही तरी विचारतो का?

त्याने सरस भिजवला, मंद आचेवर पातळ केला. नाळेची दोन्ही तोंडे रंध्याने आरशासारखी केली. गरम सरस लावून सांधा जुळवला, दोऱ्या आवळल्या, काठाची पट्टीही तशीच बसवली. वर तेलाचा हात दिला. काम इतके देखणे झाले की गावातली माणसे कामधाम सोडून बघायला आली. हिरोजीने नाळेवर बुक्की मारून पाहिली. हातच दुखला.

“घाटी असलो तरी हात सोन्याचो आसा!” तो म्हणाला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा जत्रेआधी हसला.

लग्न आटोपून मेस्त परत आला तेव्हा मांडवात ही गर्दी होती. त्याने होडीवर हात फिरवला. सांध्यावर बोट टेकवून उभा राहिला. मग बोट नाकाशी नेऊन वास घेतला. त्र्यंबक शाबासकीची वाट पाहत होता.

“काम सुंदर केलंस,” मेस्त म्हणाला.

आणि मग त्याने जे केले त्याने सगळे चक्रावले. कोपऱ्यातले एक जुने गोणपाट उचलले, खाडीत नेऊन चांगले बुडवले, आणि ते पाणी गळते गोणपाट त्या नव्याकोऱ्या नाळेभोवती गुंडाळून वरून दोरी बांधली.

“मेस्तानू, ह्या काय करतास?” हिरोजी ओरडला.

“होडयेक तहान लागली आसा. जरा पाणी पिऊंदे तिका.”

म्हाताऱ्याला प्रवासाचा शीण झाला असावा, असे लोकांनी एकमेकांत म्हटले. त्र्यंबकला राग आला, पण त्याला सांध्याची खात्री होती. पाण्याने काय होते!

सकाळी सगळे पुन्हा जमले. मेस्ताने गोणपाट सोडले. मग त्याने आपल्या वाकड्या बोटांनी नाळ धरली आणि हलकेच ओढली. ती त्याच्या हातात आली. ज्या सांध्यावर बुक्की मारून हिरोजीचा हात दुखला होता, तो म्हाताऱ्याच्या ओढण्यानेच निघाला होता. सांध्याच्या जागी पिवळसर, चिकट पाणी ओघळत होते.

लोक पुढे सरकून बघू लागले. हिरोजीचा चेहरा पाहवत नव्हता. त्र्यंबकच्या कानशिलात रक्त चढले.

“तुम्हीच सांगितलं होतंत!” तो फुटला. “शब्द न् शब्द लक्षात आहे माझ्या. सरस बघून लाव, म्हणालात. मी सरसच लावला. आता सगळ्यांसमोर मलाच खोटं पाडता?”

म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याच्या पोटातून हसू आले, आणि ते थांबेना. डोळ्यांतून पाणी आले.

“अरे मेल्या, सरस म्हंजे बरा! चांगला! राळ चांगली बघून घे, चुनो चांगलो बघून घे, असा सांगत होतंय मी तुका!”

मग काय, मांडव हसून हसून आडवा झाला. ज्यांना रडू यायला हवे होते तेही हसले. संध्याकाळपर्यंत गावभर झाले. विहिरीवरच्या बायकासुद्धा एकमेकींना “कळशी सरस बघून घे गो” म्हणू लागल्या. त्र्यंबकने आपली हत्यारे पेटीत भरली आणि पेटीला दोरी बांधली. आजवर कुणी त्याच्या कामाला हसले नव्हते. त्याला ते सहन होईना.

तो दोरीची गाठ मारत असताना मेस्त येऊन त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. या खेपेला तो हसत नव्हता.

“तू रागावलंस ता बरोबर आसा,” तो म्हणाला. “माझो शब्द दोन तोंडांचो निघालो. पण माका एक सांग. त्या फळयेर राळ होती, चुनो होतो, तेल होता. सरस खंय होतो?”

त्र्यंबकने दोरीची गाठ आवळली. “माझ्या पेटीत,” तो म्हणाला.

“फळयेर नाय ता तू पेटयेतसून काढलंस. कित्याक? तुका ता येता म्हणान. तुका सरस येता, म्हणान तुका ऐकाक पण सरसच इलो.” म्हाताऱ्याने त्याच्या पेटीवर हात ठेवला. “तुझो सरस वायट नाय हां. देव्हाऱ्याक लाव, तुझी नातवंडा पूजा करतली तरी सुटाचो नाय. देव थंय कोरडो बसता. ही बाय दिवसभर खाऱ्या पाण्यात उभी रवता. तुका जा येता ता तू तिका दिलंस. तिका काय होया, ता इचारूक नाय.”

“होडीला कसं विचारायचं?” त्र्यंबक म्हणाला. आवाजात अजून फणकारा होता, पण प्रश्न खरा होता. कितीतरी वर्षांनी त्याने कोणालातरी खरा प्रश्न विचारला होता.

“तिच्यात बसान. तू बसलंस कधी होडयेत?”

नव्हता बसला. खरे सांगायचे तर त्याला पाण्याची भीती वाटत होती, आणि ती लपवण्यासाठी तो इतके दिवस काठावरच काहीतरी काम काढत असे. मेस्ताला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याने त्याला आपल्याबरोबर एका लहान होडीत बसवले आणि गड्यांना खाडीच्या मुखाकडे न्यायला सांगितले. त्र्यंबकने दोन्ही हातांनी बैठकीची फळी धरली, डोळे मिटले, कुलदेवतेचे नाव घेतले. गडी एकमेकांकडे बघून हसले. परंतु काही वेळाने त्याने डोळे उघडले, आणि मग त्याचा सुताराचा जीव जागा झाला. नाळेवर लाट आदळली की अख्खी होडी तो मार पुढून खाते आणि पाठीपर्यंत पोचवते, हे त्याने पाहिले. काठाच्या पट्टीला मात्र असला मार नव्हता. वल्हे ओढले की ती जराशी वाकायची, सोडले की परत जागेवर यायची. दिवसभर तिचे हेच चालायचे.

“नाळेला मार खायचाय,” तो आपल्याशीच बोलल्यासारखा म्हणाला. “पट्टीला वाकायचंय.”

मेस्ताने होडी परत फिरवायला सांगितली.

मांडवात आल्यावर त्र्यंबकने पेटीची दोरी सोडली. आधी त्याने जुन्या सरसाचा कणन् कण खरवडून काढला, लाकूड गोड्या पाण्याने धुतले आणि उन्हात ठेवले. पूर्वी तो सांध्याची तोंडे आरशासारखी करत असे. आता त्याने ती मुद्दाम थोडी खडबडीत केली, म्हणजे लेपाला धरायला जागा राहील. मग राळ निवडली. म्हाताऱ्याने दाखवले तशी एकेक खडा उजेडाकडे धरून, मळकट ते बाजूला काढून. चुना चाळला. उखळात राळ, चुना आणि उंडीच्या बियांचे तेल घालून तो कुटायला बसला. हा लेप कुटेल तितका चिवट होतो, आणि लागल्यावर खाऱ्या पाण्यात मऊ पडण्याऐवजी कडकच होत जातो. त्र्यंबकच्या तळहातांना फोड आले.

“दोन उखळं कशाला?” हिरोजीने विचारले.

“एकात चुना जास्त आहे, नाळेसाठी. तो दगडासारखा होईल. दुसऱ्यात तेल जास्त आहे, पट्टीसाठी. तो वाकेल पण सोडणार नाही. एकच लेप दोघांना लावला तर दोघांपैकी एक रुसेल.”

मेस्त कोपऱ्यात विडी ओढत होता. त्याने हे दोन लेपांचे सांगितलेले नव्हते. विडी तशीच बोटांत विझून गेली, आणि त्याला ते कळलेही नाही.

लेप भरला, लाकूड जुळवले, लाकडी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या. सवयीने त्र्यंबकने दोऱ्या करकचून आवळल्या, तेव्हा मेस्ताने उठून त्या जरा सैल केल्या. सगळा लेप पिळून बाहेर काढलास तर आत धरणार कोण, एवढेच तो म्हणाला. राळेची निवड आणि हे एवढे सोडले तर त्याने काही शिकवले नाही.

आता खरी कसोटी होती, आणि ती लेपाची नव्हती. पौर्णिमा तोंडावर आली होती. पलीकडचे रोज सकाळी होडी पाण्यात घालून सराव करत होते. त्यांच्या आरोळ्या अलीकडे ऐकू येत. अलीकडची होडी मांडवात आडवी. हिरोजी रोज येई, येरझाऱ्या घाली.

“झाला काय?”

त्र्यंबक लेपावर नख टेकवून बघे. नख रुते. “नाही.”

“अरे, वरसून दगड झालो आसा!”

“वरून झालाय. आतून नाही.”

“माझे गडी वल्ही इसारतले! एक फेरी मारून येतंय. एकच.”

“तांडेल, होडीला हात लावायचा नाही.”

हिरोजी मेस्ताकडे वळला. “मेस्तानू, तुमी तरी सांगा तेका!”

म्हाताऱ्याने हात वर केले. “होडी तेच्या हातात आसा. तेका इचार.”

लोक बोलू लागले. घाटी भितो आहे, पुन्हा फजिती होईल म्हणून चालढकल करतो आहे. त्र्यंबकच्या कानावर हे येत होते. रात्री त्याला नीट झोप लागत नव्हती. होडी सोडावी, सगळ्यांची तोंडे बंद करावी, असे त्याला दिवसातून अनेकदा वाटे. पण आता तो होडीला विचारत होता, आणि ती अजून हो म्हणत नव्हती. शेवटी त्यानेच हिरोजीला सुचवले की मासे धरायच्या जुन्या जड होडीतून सराव करा. जड होडी ओढायची सवय झाली की ही हलकी वाटेल. हिरोजीने शिव्या घातल्या आणि तसेच केले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी नख रुतले नाही. त्र्यंबकने दुसऱ्या बोटाचे टेकवले. तेही नाही. तो मांडवाबाहेर आला आणि खाडीकडे तोंड करून जोरात ओरडला, “तांडेल! घेऊन जा!”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही काठ माणसांनी भरले. ढोल वाजत होते. पालखी सजून देवळाच्या पायरीवर ठेवली होती. हिरोजीने गडी बसवले, सुकाणू धरले, आणि मांडवाशी उभ्या असलेल्या त्र्यंबककडे पाहिले.

“तू पण बस. नाळेकडे. सुटली तर तुझ्यासकट बुडूंदे.”

लोक हसले. त्र्यंबकने एकदा पाण्याकडे पाहिले. पण तो चढला, आणि नाळेच्या पाठीशी, आपल्याच सांध्याला टेकून बसला.

शंख वाजला आणि होड्या सुटल्या. खाडीच्या मध्यावर एक लहानसे बेट होते. त्याला वळसा घालून धक्क्यावर परतायचे. जाताना पलीकडचे पुढे होते. त्यांचे वल्ह्यावर वल्हे पडत होते, सराव दिसत होता. अलीकडचे गडी मागे होते, पण जड होडीची सवय झालेल्या त्यांच्या दंडांना ही होडी खरोखरच हलकी लागत होती. बेटाच्या वळणावर त्यांनी गाठले. तिथे खडकांमुळे वाट अरुंद. दोन्ही होड्या शेजारी शेजारी घुसल्या, पलीकडच्या तांडेलाने आपली होडी दामटली, आणि हिरोजीची होडी सरकून बेटाच्या खडकावर नाळेनेच आदळली.

असा आवाज झाला की काठावरच्या बायकांनी तोंडावर हात घेतले. होडी मागे रेटली गेली. गड्यांची वल्ही थांबली. सगळ्यांनी पुढे पाहिले. हिरोजीने सुकाणू घट्ट धरले. आता पाणी येणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. देवी पुन्हा त्यांच्याच होडीतून जाणार.

त्र्यंबक फळीवरून खाली पडला होता. कोपर सोलपटले होते. त्याने वाकून सांध्यावर हात ठेवला. वरून खालपर्यंत बोटे फिरवली. कोरडा होता. कुठे थेंब नव्हता. त्याने दुसरा हातही ठेवला, जणू एका हातावर विश्वास नव्हता. मग त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो त्याला स्वतःचा वाटला नाही.

“धरलाय! सांधा धरलाय! मारा वल्ही! मारा!”

गडी जे सुटले! काठाची पट्टी वाकत होती आणि परत येत होती, वल्ही तिच्यावर चालत होती, आणि त्र्यंबक नाळेला मिठी मारून, भिजून चिंब, पाण्याची भीती पार विसरून ओरडत होता. हिरोजी ओरडत होता. काठ ओरडत होता. पलीकडच्यांनी मागे वळून पाहिले, आणि तिथेच त्यांचा ताल चुकला. धक्का जवळ आला तेव्हा दोन्ही नाळी एका ओळीत होत्या. मग एक नाळ हातभर पुढे गेली, आणि तीच आधी लागली.

ढोलवाले नाचायला लागले, म्हणून ढोल वाजवायला कोणी उरले नाही. म्हाताऱ्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. हिरोजीने त्र्यंबकला खांद्यावर घेतले, तो खांद्यावरून निसटून पाण्यात पडला, आणि पाण्यात पडल्यावरही हसतच होता. मग पालखी आली. अलीकडच्या देवीला हिरोजीने स्वतःच्या हातांनी अलीकडच्या होडीत बसवले.

होडी सोडण्यापूर्वी मेस्त पुढे आला. त्याने नाळेवर हात फिरवला आणि एका जागी थांबला. त्र्यंबकने पाहिले. लाकडाला भेग गेली होती. त्याचे मन चरकले.

“फुटली?” त्याने विचारले.

म्हाताऱ्याने त्याचा हात धरून त्या भेगेवर ठेवला. भेग सांध्याजवळून निघाली होती, पण सांध्यात शिरली नव्हती. त्याला वळसा घालून लाकडातून गेली होती. खडकाच्या माराने सागवान फाटले होते, आणि लेप होता तसाच होता.

“लाकूड हरला,” मेस्त म्हणाला. “सांधो नाय हरलो.” मग त्याने पालखीला हात जोडले, आणि तो त्र्यंबकला म्हणाला, “चल मेस्ता, बस. देवीक उशीर होता.”

त्र्यंबकला क्षणभर कळलेच नाही की मेस्त म्हणून ज्याला हाक मारली, तो आपणच. कळले तेव्हा तो झटकन होडीत चढला.

होडी पलीकडे पोचली. ढोल-ताशांत देवी उतरली. गर्दी पांगल्यावर पलीकडचा तांडेल जरा घुटमळत त्र्यंबकजवळ आला. हरलेल्या माणसाला जितके गोड बोलता येते तितके तो बोलला, आणि मग म्हणाला, “आमच्या होडयेचा सुकाणू हलता. तुझो तो लेप माका दी. मागशीत ता देतंय.”

पूर्वीचा त्र्यंबक असता तर तेव्हाच डबा भरून दिला असता, आणि कसा लावायचा याचे व्याख्यानही दिले असते.

“लेप मागाहून बघू,” त्र्यंबक म्हणाला. “आधी मला तुमच्या होडीत बसवा आणि एक फेरी मारा. ती कशी चालते ते बघू द्या.”

तांडेलाला हे विचित्र वाटले, पण त्याने होडी ओढली. त्र्यंबक चढला आणि या वेळी त्याने बैठकीची फळी धरली नाही. पालखीबरोबर आलेला वृद्ध मेस्त धक्क्यावर उभा राहून होडी दूर जाईपर्यंत पाहत होता. अधू नजरेला ती दिसेनाशी झाली, तरी तो उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा जो आनंद होता, तो शर्यतीच्या वेळीही इतका नव्हता.

आपल्यापाशी दुसऱ्याला देण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते देण्याची घाईही असते; मात्र देण्यापूर्वी त्याच्या होडीत थोडा वेळ बसून यावे.